मागच्या चाकाची हवा

— काच न्हाय ताई, तार हाय. हे बघा, दिसली? केसाएवढी. बायपासला ट्रेलरचं टायर फुटतं ना, त्याच्या पोटातनं ह्या तारा निघतात, रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि तुम्ही सायकलवाले तर कडेकडेनंच चालवणार — मग दुसरं काय होणार? दर रविवारी तीन-चार जण तरी हिच्यापायी माझ्याकडं येतात. बसा त्या बाकड्यावर, हेल्मेट काढा, जरा वारा लागू द्या डोक्याला. तुमची मंडळी पुढं गेली तर जाऊ द्या, पडघ्याला चहाला थांबतील, सगळेच थांबतात. मी महादू. तीस वर्षं ह्या वडप्याच्या नाक्यावर ट्रकची चाकं खोलतोय, पण तुमची ही बारीक ट्यूबपण जमते आता. पहिली फोडली होती, खोटं कशाला सांगू — ट्रकचा कॉम्प्रेसर लावला आणि सवयीनं गप्पा मारत बसलो, एवढा आवाज झाला की समोरचा पानवाला दुकान सोडून पळाला. आता जपून मारतो हवा, भिऊ नका. न्हायतर हातपंप असतो माझा, ह्या खिळ्याला टांगलेला. आज कुठं गेलाय कुणास ठाऊक.

काय? न्हाय न्हाय, तुमच्याकडं लक्ष हाय माझं. रस्त्याकडं असंच बघतोय. म्हणजे — बायको गेलीय माझी. सायकलवर. तुमच्यासारखीच, फिरायला. हसता काय, खरं सांगतोय. कमळ तिचं नाव, अठ्ठेचाळीस वर्षांची हाय, साडेसहाला गेलीय आणि आता नऊ वाजत आले. वळ गावच्या गोदामांच्या आतल्या रस्त्यानं जाऊन परत येते म्हणाली. तिला दीड तास लागतो, पावणेदोन धरा. फोन? फोन हा काय, इथं टेबलावर पडलाय. मुद्दाम ठेवून गेली. म्हणाली, नेला की तू दर पाच मिनटाला वाजवणार. आता मी काय दर पाच मिनटाला वाजवतो काय? दहा मिनटाला वाजवतो.

हे खूळ तुमच्यामुळंच आलं बरं का आमच्या घरात. म्हणजे तुम्ही न्हाय, तुमच्यासारखीच एक बाई आली होती, दोन वर्षं झाली असतील. केस सगळे पांढरे, पायात ती घट्ट चड्डी, ह्याच बाकड्यावर बसून दोन तांबे पाणी प्यायली. कमळनं विचारलं, बाई, कुठं चाललाय एवढ्या सकाळी? तर ती म्हणाली, कुठं नाही हो, फिरायला. झालं. कमळ दिवसभर आपली स्वतःशीच हसतेय. रात्री भाकरी वाढताना मला म्हणते, कुठं नाही म्हणे. तुम्हाला न्हाय कळायचं ताई, पण आमच्यात बाई घराबाहेर निघाली की हातात काहीतरी असतंच — हंडा असेल, पिशवी असेल, लग्नाचा आहेर असेल, न्हायतर दुखणाईताला डबा तरी. कुठं चाललीस म्हटलं की उत्तर तयार. रिकाम्या हातानं आणि कुठंच न्हाय, असं माझी आई कधी गेली न्हाय, तिची आई गेली न्हाय. आणि ही आठ दिवसांनी मला म्हणते, मनालीची सायकल बाहेर काढून दे. मनाली म्हणजे आमची मुलगी, डोंबिवलीला दिलीय. तिची कॉलेजातली सायकल मागं पडवीत होती, तिच्या हँडलवर कोंबड्या बसायच्या रात्रीच्या.

शिकवली मीच. कुठं सांगा? रविवारी गोदाम बंद असतं ना, त्याच्या आवारात. ती जागा आमचीच होती, भाताचं शेत होतं, मी आणि ती पायानं चिखल तुडवून लावणी केलीय तिथं. आता सगळी लादी, चाळीस फुटाचा ट्रेलर आरामात वळतो. कमळ म्हणाली, बरं झालं, एवढं सपाट शेत आपल्याला कधी मिळालं नसतं. पडली बरेच वेळा. एकदा ओढणी साखळीत गेली, कापून काढावी लागली, तेव्हापासनं पंजाबी ड्रेसची सलवार मोज्यात खोचते आणि ओढणी घरी. पहिले चार दिवस बसता येत नव्हतं तिला, सीटनं अंग सोललं — तुम्ही हसताय म्हणजे तुमचंपण झालं असणार. मग कुत्रे. गोदामांच्या रस्त्याला एका वळणावर चार कुत्रे हायत, सायकल दिसली की धावलेच अंगावर. ती काय करते माहिती हाय? थांबते, खाली उतरते आणि त्यांना रागावते. घरात मला रागावते तसंच. कुत्रे बसतात गप.

तर एवढे दिवस मी जायचो मागं. स्कूटरवर. ती पुढं सायकलवर, मी पाच हात मागं, पहिल्या गियरमध्ये, मागनं ट्रेलरवाले हॉर्न मारतायत, वळच्या नाक्यावरचे लोक वरात बघायला उभे राहिल्यासारखे उभे. मला लाज न्हाय वाटायची. तिला वाटायची. काल म्हणाली, उद्या तू यायचं न्हाय. मी म्हटलं, पंक्चर झालं तर? म्हणाली, बघीन. ट्रेलरनं कट मारला तर? म्हणाली, तू मागं असल्यावर काय तो मारणार न्हाय? — थांबा, हे चाक बसवतो. घट्ट झालं. फिरवून बघतो. बघा, कसं सुरसुर फिरतंय.

चहा घ्याल? घ्याच. थांबा जरा अजून, काय घाई हाय, ऊन काय पळून जातंय. न्हाय, मी शोधायला न्हाय जाऊ शकत. दुकान बंद करायला काय, मिनिट लागत न्हाय. पण न्हाय जाऊ शकत. म्हणजे त्याचं असं हाय — तुम्ही कोणाला सांगणार न्हाय, तुम्ही आज हाय, उद्या न्हाय. तिच्या सायकलीला जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह हाय, त्याच्यावर रबराची एवढीशी नळी असते, करंगळीच्या पेराएवढी. ती नळी चांगली असेल तर हवा आठ दिवस हलत न्हाय. वाळून कडक झालेली असेल तर अर्ध्या तासात टायर बसतं. तर काल रात्री — असं बघू नका हो माझ्याकडं — काल रात्री ती झोपल्यावर मी नवीन नळी काढली आणि जुनी घातली. मागच्या चाकाला.

वाईट मनानं न्हाय केलं. मला वाटलं, अर्ध्या तासात हवा बसेल, म्हणजे बायपास लागायच्या आधी, ते आंब्याचं झाड हाय तिथपर्यंतच. मग ती सायकल हातात धरून परत येईल चालत, मी चहा देईन, म्हणेन, बघ, सांगितलं होतं ना, आणि पुढच्या रविवारपासनं परत मी मागं. एवढंच. तीस वर्षं लोकांची पंक्चर काढली, आयुष्यात एक पंक्चर मी स्वतः केलं आणि ते घरच्याच सायकलीला. आणि ती आली न्हाय. साडेसातला यायला पाहिजे होती. आठ झाले. कुठं बसली हवा? उतारावर बसली असेल, मागनं ट्रेलर असेल, चाक लटपटलं असेल — आता कळलं का मी का जात न्हाय? मला अंदाजानं ठाऊक हाय हवा कुठं बसणार, मी सरळ तिथं जाऊन उभा राहिलो तर ती विचारणार ना, तुला कसं कळलं? आणि गेलो न्हाय तर इथं जीव जातोय. भीती वाटते हो ताई. तिच्या पडण्याची वाटते, आणि — ती पडली न्हाय, तिला माझी गरजच लागली न्हाय, तर मग मी मागं कशाला जायचो एवढे दिवस, त्याचीपण वाटते. हे आत्ता बोलताना कळलं मला.

तुमच्याकडं विचारतात का हो घरी, कुठं चाललीस? तुम्ही काय सांगता? — थांबा. थांबा, ती बघा. पडघ्याच्या बाजूनं येतेय, त्या बाजूनं कशी? म्हणजे वळ गावाला जाऊन, आपल्या दुकानावरनं पुढं गेली? कधी गेली? मी आत तुमची ट्यूब पाण्यात बुडवत होतो तेव्हा गेली असणार. आणि टायर बघा, मागचं टायर. लांबनं कळतं मला, टणक हाय, काल होतं त्याच्यापेक्षा टणक हाय. हवा कोणी भरली? कोणी भरली असेल हवा —

हातपंप. कॅरियरला बांधलाय बघा, माझाच हाय, लाल मुठीचा. म्हणजे इथनं निघतानाच नेला. म्हणजे तिला निघायच्या आधीच ठाऊक होतं.

ये गं. पाणी देऊ? ह्या ताई ठाण्याच्या, तार घुसली होती त्यांच्या — अगं, घाम तरी पूस. कुठपर्यंत गेली होतीस? … कुठं न्हाय. बरं. … हे काय ठेवलंस माझ्या हातात? … नळी. जुनी, वाळलेली.

ताई, तुमचं चाक कवाचंच झालंय. चहाच्या आधीच झालं होतं. मीच बसवून ठेवलं तुम्हाला, एकट्याला बसवत नव्हतं. पैसे राहू द्या. हेल्मेट विसरू नका. निघा तुम्ही आता. निघा.