एका नावाचे दोन स्केव्होस

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष पांतेलिससाहेब, व्यासपीठावरचे आदरणीय धर्मगुरू पापा-मिखाइल, बंदराचे अधिकारी, सत्कारमूर्ती थेमेलिसभाऊ, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो. जमलेल्या म्हणजे जेवढे जमलात तेवढे. खुर्च्या मीच मांडल्या होत्या, त्यामुळे रिकाम्या किती आहेत हे मला वेगळं सांगायला नको. पहिल्या रांगेत माझ्या काकू, सेवास्तीकाकू, बसल्या आहेत. त्या येतील असं वाटलं नव्हतं. मी शाळामास्तर म्हणून त्यांना आग्रहानं बोलावलं होतं, का ते आता कळेल.

थेमेलिसभाऊंनी एक्केचाळीस वर्षं आपल्या या बेटाच्या कचेरीत कारकुनी केली. कामाला लागले तेव्हा भिंतीवर सुलतानाचं फर्मान होतं. मग तिथं इटलीचा राजा आला, मग जर्मन, मग इंग्रज, आणि गेल्या वर्षी एकदाचे आपण ग्रीक. खिळा मात्र तोच. भाऊ म्हणायचे, "राजे येतात नि जातात रे, खिळा ढिला होऊ द्यायचा नाही." पाच राज्यांत या माणसानं आपली नावं लिहिली. कुणी म्हणे तुर्की वळणानं लिही, कुणी म्हणे इटालियन शेपूट लाव. भाऊ मान डोलवायचे आणि घरच्या वहीत तीच नावं ग्रीकमध्ये उतरवून ठेवायचे. आज आपण आपल्या नावानं मतदान करतो, ते त्या वहीमुळे.

असं असताना अकरा वर्षं या गावात त्यांच्या टेबलावर कॉफी प्यायला कुणी बसलं नाही, ते का? सगळ्यांना ठाऊक आहे. यांनी स्केव्होस मांगोसला इटालियनांच्या हाती दिलं, असं आपण म्हणतो. आता माझंही नाव स्केव्होस मांगोसच. दोन भावांचे आम्ही थोरले मुलगे, दोघांनाही आजोबांचं नाव. तो उंच, म्हणून लंबू. मी बुटक्या.

अडतीस सालचा उन्हाळा होता. शाळेतून ग्रीक हद्दपार झालं होतं. मी तेव्हा चपला शिवायचो आणि दुपारी संत इरिनीच्या देवळात पोरांना बाराखडी शिकवायचो. समोर बसलेल्यांपैकी चौघांनी तिथं माझ्या छड्या खाल्ल्या आहेत. कुणीतरी इटालियन अधिकाऱ्याकडं निनावी चिठ्ठी टाकली, 'स्केव्होस मांगोस ग्रीक शिकवतो.' बापाचं नाव नाही, गल्ली नाही. अधिकाऱ्यानं भाऊंना विचारलं, दोघांतला कोण?

भाऊंनी लंबूचं नाव सांगितलं. का? लंबू पाणबुड्या होता. ईस्टरनंतर आपल्या होड्या स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याला जातात आणि पानगळीला परत येतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. समुद्रावरच्या माणसाला कोण पकडणार? भाऊंचा हिशोब चोख होता. लंबूला निरोप धाडायचा, की येताना दुसऱ्या बेटावर उतर. तोवर प्रकरण थंड. कुणाच्याच केसाला धक्का लागणार नव्हता.

भाऊ, बाही ओढू नका. मी थांबणार नाही.

लंबू समुद्रावर नव्हता. खोल पाण्यानं त्याचे पाय नेले होते, एकदम वर येताना पाणबुड्यांना होतो तो लकवा. चार दिवसांपूर्वी होडीनं त्याला मागच्या खाडीत उतरवलं आणि मी त्याला पाठीवर घालून काकूंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या घरी आणलं. काकूंनी दार लावलं, संताला नवस बोलला आणि मला बजावलं, "तो उठून चालेपर्यंत गावात अवाक्षर काढायचं नाही. बोललं की गेलेले पाय परत येत नाहीत." आमच्या गल्लीत सगळ्याच बाया हे मानतात. म्हणून भाऊंना पत्ता नव्हता.

त्याच दुपारी भाऊ माझ्या दुकानात आले. म्हणाले, "बुटक्या, वर्ग बंद कर. मी लंबूचं नाव दिलंय. तो समुद्रावर आहे, तू बचावलास."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. तो घरी आहे. एवढंच. मी म्हणालो, "बरं झालं, भाऊ." आणि हातातल्या चपलेला टाके घालत राहिलो.

नवसासाठी गप्प बसलो असं अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला भीती वाटली, की हे कळलं तर भाऊ जाऊन नाव दुरुस्त करतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेलं. माझ्या दारावरूनच गेले. लंबूनं मला पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, वर्ग कुणाचा ते. तो म्हणाला, "बुटक्या, माझ्या चपलांची घाई करू नकोस हं. सध्या लागत नाहीत." शिपाईही हसले. जबाबावर त्यानं अंगठा उठवला, कारण त्याला सही येत नव्हती. लिहायला शिकवतो म्हणून जो तुरुंगात गेला, त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पाचव्या महिन्यात तो आतच गेला.

मला रडू आलं नाही. तेव्हा नाही, आजही नाही. त्याच्या पायांना टाचणी टोचली तरी कळत नसे, तसं काहीसं झालंय माझं.

इटालियन गेल्यावर मी भाऊंना म्हणालो, आता सांगू या. ते म्हणाले, "कुणाला सांगतोस? सेवास्तीला? तिचा मुलगा गेलाय, पुतण्या तेवढा उरलाय. तोही काढून घेतोस? मला एकट्यानं कॉफी प्यायची सवय झालीये." भाऊ, तुम्ही माझं नाव दोनदा वाचवलंत. आता पुरे.

काकू, तुम्ही माझ्याकडं बघत नाही आहात, ते बरोबरच आहे. येत्या शनिवारी मृतांचा दिवस. तुम्ही गहू उकडाल, वर साखर नि डाळिंबाचे दाणे घालाल, पापा-मिखाइल वेदीपुढं नाव वाचतील, स्केव्होस, आणि मग ते ताट सगळ्यांपुढं फिरेल. दरवर्षी ते नाव मी मागच्या खांबाशी उभा राहून ऐकतो. त्या ताटातला मूठभर गहू या वेळी थेमेलिसभाऊंच्या हातावर ठेवा, एवढं मागायला मी तुम्हाला बोलावलं. माझ्यापुढं ताट नाही आणलंत तरी मी तिथंच उभा असेन.

नगरपालिकेनं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. भाषणात काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. जे बोलायचं राहिलं होतं, त्याची माफी मात्र सभेकडं मागत नाही. ती पहिल्या रांगेकडं मागतो.