निर्गुंडीचा अर्क आणि आईची बोटे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य विश्वेश तिरोडकर सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला मन तयार नाही त्या वनस्पतिशास्त्राच्या आमच्या सुनीती खानोलकर मॅडम, मसुरे-तारकर्लीहून आलेले त्यांचे विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी आई,

मी दीपिका, मॅडमची विद्यार्थिनी आणि आता सहकारी. मॅडमच्या शिस्तीचे गोडवे इतरांनी गायलेच आहेत. शिवाय मागून वड्यांचा वास सुटलाय, तेव्हा लांबण लावत नाही.

मॅडमनी निर्गुंडीच्या पानांचा अर्क काढला, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होते. अर्क घालताच परीक्षानळीतला जांभळा द्रव पिवळा पडला, म्हणजे अर्कात अँटिऑक्सिडंट गुण होते. पुढे प्रयोगातल्या उंदरांच्या पायांची सूजही उतरली. मॅडमना काय आनंद झाला होता!

आणि वर्तमानपत्रात बातमी आली, ‘संधिवातावर औषध सापडले’. सापडले? मॅडम असे कधी म्हणाल्याच नव्हत्या. पण बातमीत आपल्या माणसाचे नाव दिसले, की आपण पुढचे वाचतो का? माझ्या आईला संधिवात. तिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि परसातली निर्गुंडी उकळून पिऊ लागली. तोवर मी पुढचे शिकायला कोल्हापूरला गेले होते. दिवाळीला घरी आले, तर तिची बोटे वाकलेली. मी ओरडले, तर म्हणते कशी, “बाईनी शोधून काढल्यानी, ता खोटा कसा आसतला गो?”

कळताच मॅडम आमच्या पडवीत येऊन बसल्या. आईचे हात हातात घेऊन रडल्या. वर्तमानपत्राला त्यांनी खुलासा पाठवला; तो कुठल्याशा कोपऱ्यात छापून आला, कोणी वाचला नाही. त्यानंतर मॅडमनी निर्गुंडीला हात लावला नाही. योग्य मात्रा, माणसांवरची चाचणी, सगळे राहूनच गेले. चूक नसताना त्यांनी स्वतःला शिक्षा केली आणि नुकसान आपल्या सगळ्यांचे झाले. मला याची फार खंत वाटते. आज सकाळी आईसुद्धा म्हणाली, “माझी बोटां गेली ती गेली. पन बाईनी ता काम सोडूक नको होता.”

मला बोलू दिलेत, आपली आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी हे काढले, त्यात अधिकउणे झाले असेल तर लेकीचे समजून पोटात घाला.

आता अध्यक्षांच्या परवानगीने आई मॅडमना श्रीफळ देणार आहे. तिला एकटीला नारळ धरवत नाही, म्हणून मी खालून हात लावते. मॅडम, गुडघ्यांमुळे तिला व्यासपीठाच्या पायऱ्याही चढवत नाहीत. तुम्ही जरा खाली याल का?