भिंतीमागचा डॉक्टर

मंडळी, मनोहरच्या शोकसभेत दोन शब्द बोलायला उभा राहिलो आहे. मनोहर आणि मी एकाच वर्गात शिकलो, धंतोलीत एकाच दवाखान्यात दातांचे डॉक्टर म्हणून बसलो. सुमनवहिनी, रागावू नका. मी तुमच्या नवऱ्यावर जळायचो. ही गर्दी पाहून आत्ताही जळून राहिलो आहे.

एक्स-रे काढताना तो पेशंटच्या तोंडातली फिल्म आपल्याच बोटानं धरून ठेवायचा. प्रत्येकाची. मी फिल्म पेशंटलाच धरायला लावायचो आणि लांब वायरचं बटण घेऊन भिंतीमागे जायचो. "मन्या, दूर हो गा," मी म्हणायचो. "अंतर दुप्पट केलं की किरणं चौथाईवर येतात, सोबतच शिकलो ना आपण? अन् तू तर सरळ किरणांतच बोट घालून राहिला."

तो हसायचा. "पेशंट घाबरते गा. कोणी जवळ असलं की मान हलवत नाही. क्षणभराचं तर काम."

क्षणभराचं. पेशंटसाठी क्षणभराचं, मंडळी. त्याच्या बोटासाठी रोजचं.

पण लोक कोणाकडे जायचे? माझी खुर्ची रिकामी असली तरी त्याच्यासाठी बाकावर बसून राहायचे. अहो, माझी सख्खी आई! दाढ दुखली तर त्याच्याकडे गेली. मी विचारलं, "आई, माह्याकडे काहून नाही?" म्हणाली, "तू मले एकटीले सोडून भिंतीमागं पळतं. मनोहर जवळ उभा राहते." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग त्याच्या बोटाची कातडी कोरडी पडली, भेगाळली. जखम भरेना. कॅन्सर निघाला. आधी बोट कापलं, मग हात. तरी कॅन्सर पसरतच गेला.

शेवटी इस्पितळातल्या खाटेवरून मनोहर मला म्हणाला, "तुहं ऐकाले पायजे होतं गा. तू बरोबर होता." हे ऐकायला मी किती वर्षं तरसलो होतो. ऐकलं, आणि काहीच गोड लागलं नाही.

मी बरोबर होतो, मंडळी. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. पण माझ्यासाठी एवढे लोक येतील का? माझी आई पहिल्या रांगेत बसून रडून राहिली आहे, त्याच्यासाठी.

आता थोडा वेळ शांत उभं राहू. मागच्यांनी पुढे या, जवळ जवळ उभे राहा. त्याला कोणी दूर उभं राहिलेलं आवडायचं नाही.

आई, सरक थोडी. मी तुझ्याजवळ उभा राहतो.