भोंग्यावर बोल

उदयसिंग : नुसता पाहत काय बसला, हरीओम? सकायपासून दोनदा तुरीत आपटलं. चढ आला तरी माह्यं ड्रोन आपलं सरळच जाते.

हरीओम : आंधळं झालं ते. पोटाखाली ही चपटी डबी हाय ना, ते रडार. लहर सोडते, खालून परत आली का उंची समजते. आता त्याले जमीनच दिसून नाही राह्यली.

उदयसिंग : मग कर ना दुरुस्त! जऊळक्याच्या तुरीत अळी पडली. आज फवारा नाही झाला तर लोक दुसऱ्याले बोलावतीन.

हरीओम : मागच्या साली मले सोडून तुले बोलावलं, तसं?

उदयसिंग : झालं गेलं, भाऊ.

हरीओम : तुह्यं गेलं. माह्यं ड्रोन पडलं, अन् तू पारावर सांगतलं, हरीओम दारू पेऊन उडवते. गळ्यात तुळशीची माळ हाय माह्या! जगदेवकाकानं मले टाळकऱ्याच्या रांगेतून उठवलं. चालू कीर्तनात. हातातले टाळ काढून घेतले.

उदयसिंग : मग काय पाय धरू तुह्ये?

हरीओम : पाय नको. काकाले फोन लाव, स्पीकरवर. आज सप्त्यात कीर्तन उभं राह्यच्या आधी भोंग्यावर सांग, मी खोटं बोललो.

उदयसिंग : साऱ्या गावासमोर? बायकापोरं बसतात तिथं!

हरीओम : माह्या वक्ती बी बसली होती. नाही तर ने उचलून. वाशीमले दाखव, तीन दिवसानं मिळंल. तोवर अळी उपाशी थोडीच राहते!

उदयसिंग : लय खुनशी झाला रे तू... हॅलो, काका? उदयसिंग. हरीओम कधीच पेत नव्हता. मले त्याचं काम पाह्यजे होतं, म्हणून बोललो. आज भोंग्यावर सांगतो.

जगदेव : (फोनवरून) अरे देवा! काय करून बसलो मी?

हरीओम : आयकलं मी. हे घे, उदयसिंग, डबीवर चिकटलं होतं. झालं तुह्यं काम.

उदयसिंग : हे तर चमकीचं शुभ-लाभचं स्टिकर! माह्या बायकोनं, रुपाबाईनं, कालच दसऱ्याच्या पूजेत लावलं होतं. नखानं निघालं? एवढंच?

हरीओम : चमकीतून लहर जात नाही. माह्या ड्रोनले वैजयंतीनं असंच लावलं होतं. चार दिवसानं समजलं मले.

उदयसिंग : मग तवाच सांगतलं काहून नाही?

हरीओम : बायकोच्या पूजेनं ड्रोन पडलं, असं गावात सांगू? तिनं किती भावानं लावलं होतं. त्यापरीस बेवडा बरा म्हटलं.

जगदेव : (फोनवरून) हरीओम, बापा, आज ये. तुह्या जागेवर मी कोणालेच उभं नाही केलं.

हरीओम : नाही, काका. सालभर कीर्तन घरूनच आयकलं, भोंग्यावर. आज याचं बोलणं बी घरूनच आयकतो.