बाबांचा रकाना

त्र्याहत्तर साली कलकत्त्यात, बालीगंजला देवीची लस टोचून घ्यायच्या रांगेत मागून चक्क मराठी ऐकू आलं. मायलेकी होत्या.

"शकुन, तुझ्या त्या साथीच्या गणितात तुझे बाबा आता कुठल्या रकान्यात गं?"

"बरे झालेले आणि गेलेले एकाच रकान्यात असतात, आई."

"एकाच? बरं आहे बाई तुमचं!"

"दोघांकडूनही आता कुणाला लागण होत नाही, म्हणून. लस टोचलेलेही त्यातच. रोग्याच्या आजूबाजूच्या घरांना आधी टोचलं, की साथ तिथंच थांबते. पण आम्ही टोचायला गेलो, की लोक दारच उघडत नाहीत."

"तुझ्या गणिताला नसतील उघडत. उद्या मी येते बरोबर. ह्यांचं काय झालं ते सांगेन."

"रडशील."

"रडेन, पण सांगेन. ह्यांचा तो रकाना आता जिवंत माणसांनीच भरायचा."