राखाडीतला मोरपंखी

हॅलो?… हॅलो, अंधेरीचं वाचनालय का?… कोण बोलतंय? धोंडिराम?… हे बघा धोंडिराम, मी मुलुंडहून बोलतेय, नलिनी. तुमच्या हॉलमध्ये आज ते 'शनीपल्याड'वाले आलेत ना, टीव्हीवरचे… हो, तोच कार्यक्रम. प्रेक्षकांना मतं विचारतायत तो. सुरू झाला?… अगं बाई. झाला.

ऐका ना, तिथे माझे सासरे आलेत. अण्णा. पांढरा लेंगा, काळी टोपी, हातात कापडी पिशवी… अहो, सगळ्याच म्हाताऱ्यांच्या हातात पिशवी असते, मला माहितेय. त्यांना बोलवूच नका. शेजारी त्यांची मुलगी असेल, क्षमा. चष्मा आहे, दर दोन मिनिटांनी वर ढकलते. तिला हळूच बाहेर काढा. म्हणावं, मुलुंडहून वहिनीचा फोन… अर्जंट म्हणजे एकदम अर्जंट… नाही हो, कुणी गेलं-बिलं नाही. जा ना लवकर.

…नको विमलाताई, चहा नको. तो टीव्ही तेवढा बारीक करा.

…हॅलो, क्षमा? अगं हो, हो, घरात सगळे बरे आहेत. आधी सांग, अण्णा बोलले का?… नाही ना? देव पावला. किती जण आहेत त्यांच्या आधी?… दोनच?

ऐक. अगं ऐक ना. सकाळपासून शेजारच्या विमलाताईंचा फोन मेला होता, आत्ता कुठे त्याच्यात जीव आलाय. त्यांच्याकडूनच बोलतेय. काल त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला… हो, मोठा आहे, झकास आहे, ते राहू दे. आजचा शेवटचा भाग मी इथे बघितला. क्षमा, वाट लागली गं.

शनीवाले केशरी आहेत.

केशरी. अख्खी फौज केशरी, राणी केशरी. आणि आपले पृथ्वीवाले मोरपंखी… 'मग काय' काय विचारतेस? अण्णा तिथे काय बोलणार आहेत?… हां. तेच. दोन्ही फौजांना एकाच ताग्यातून कापड फाडलंय. आपला कोण, दुश्मन कोण, बघणाऱ्याला कळत नाही. घोकून घोकून गेलेत बिचारे. अगं, एकाच ताग्याचं नाहीये ते. आपल्या काळ्यापांढऱ्यावर दोन्ही सारखे राखाडी दिसतात. तुझ्याकडे तरी काय वेगळं दिसलं सकाळी?… बघ. तुझाही काळापांढराच.

तू रविवारी इथे नसतेस म्हणून तुला ठाऊक नाही. आमच्या नंदूने ती प्लास्टिकची रंगीत काच आणली होती ना टीव्हीवर लावायला, वर निळी, खाली हिरवी? अण्णांनी ती उचलून माळ्यावर टाकली. म्हणाले, माणसांची डोकी निळी करून बघायची असतील तर मी घर सोडतो. मला राखाडीत रंग दिसतो, म्हणे. आणि लागले सांगायला. राणी आली की, 'ह्यो मोरपंखी, बघून ठेवा.' कप्तानाचा पट्टा आला की, 'ह्यो डाळिंबी.' बिल्डिंगमधली पोरं जमायची गं खास त्यासाठी. अण्णा, ह्याचा कुठला, अण्णा, त्याचा कुठला. आम्हीसुद्धा खरं मानायला लागलो होतो. मी आज विमलाताईंकडे बसले तेव्हा राणी मोरपंखीच दिसणार असं धरून बसले होते. आणि आली ती केशरी.

नुसते रंग नाहीत, पुढचं ऐक. तो उपकप्तान शनीवाल्यांच्या तळावर शिरतो, आठवतं?… तोच. अण्णा किती चिडले होते त्या भागावर. लिहिणाऱ्याचं डोकं फिरलंय, म्हणे, दुश्मनाच्या घरात हा परसात फिरल्यासारखा फिरतो आणि पहारेकरी ढिम्म उभा. अगं, आज त्यांनी मागचं थोडं दाखवलं. तो कपडे बदलून जातो. मोरपंखी काढतो, केशरी चढवतो. तीच तर सगळी गोष्ट आहे. आणि अण्णा आता त्याच लेखकाला सगळ्यांसमोर धुऊन काढणार.

…हसतील तर हसू देत? असं कसं म्हणतेस तू? तुझे वडील आहेत ते… मला माहितेय तुला काळजी आहे. पण तू बघितलं नाहीस, मी बघितलंय. उभा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेला त्या माणसाचा. साहेब लोक कापडाचा तुकडा घेऊन त्यांना विचारायला यायचे. गिरणी बंद पडली आणि हे आपले खिडकीत. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. ह्या सिरियलनं त्यांना परत बोलतं केलं, क्षमा. आणि आता ती कपडेपटवाली मृणालिनीबाई समोर बसलेली असताना रंगातच चुकले, तर घरी येऊन परत खिडकीत बसतील. मग आयुष्यात तोंड उघडायचे नाहीत. मला फार भीती वाटतेय गं.

…खोटं सांगायचं? काय सांगशील?… मी पडले? जिन्यात?… अगं पण… बरं. बरं, सांग. काहीही सांग, पण त्यांना तिथून उठव. घेऊन ये फोनवर, मी विव्हळते थोडी. जा, पळ.

…काय करू विमलाताई? तुम्हीच सांगा, दुसरं काय सुचणार?… तुमच्या टीव्हीचा कसला दोष. टीव्हीनं खरं तेच दाखवलं.

…हॅलो? अण्णा? अहो, हळू, हळू… दम लागलाय तुम्हाला. पाणी घ्या आधी… नाही, पाय मोडला नाही. नाही, डॉक्टर नको. अण्णा… अण्णा, रडू नका ना. मी पडलेच नाहीये.

…हो. खोटं सांगितलं तिने. मीच हो म्हटलं… नाही, तिला नका बोलू.

अण्णा, मी आज विमलाताईंकडे रंगीतवर बघितलं… हो, शेवटचा भाग… राणीचा शालू मोरपंखी नाहीये, अण्णा. केशरी आहे. तिची सगळी माणसं केशरी.

…अण्णा?

…आपल्या माणसांचा?

…हो. आपली माणसं मोरपंखी. ते बरोबर धरलंत तुम्ही… उगाच नाही सांगत हो, तुमची शप्पथ. उगाच सांगायचं असतं तर पाय मोडला म्हणूनच सांगितलं असतं ना?

…केशरी म्हणजे कसा… शेंदराकडे नाही. झेंडूकडेही नाही. थांबा हं, नीट सांगते. पिकल्या पपईची फोड असते ना, आतली, तसा… हो, थोडा लालसर. काठाला अजून लाल… नाही, भडक दिसत नव्हता. चांगला दिसत होता. खोटं कशाला सांगू, फारच चांगला दिसत होता.

…पट्टा? कप्तानाचा पट्टा… काळा आहे, अण्णा.

…हो. आणि तो उपकप्तान कपडे बदलून जातो. म्हणून पहारेकरी अडवत नाही… हो ना. आपल्याला दिसलंच नाही ते.

…काय? परत सांगू? बरं. राणी केशरी, पपईसारखी. काठ लाल. आपले मोरपंखी. पट्टा काळा… कोण पुकारतंय? तुमचं नाव का?… अण्णा, नका जाऊ. क्षमाला म्हणावं, सांग, तब्येत बरी नाही. सरळ घरी या, मी तुमच्यासाठी… अण्णा, ऐका ना माझं. तिथे बोलणार काय तुम्ही आता?… अण्णा?

…गेले. रिसीव्हर तसाच टाकून गेले.

श्… विमलाताई, टीव्ही बंदच करा. फोनमधून तिथला लाउडस्पीकर ऐकू येतोय. अण्णाच आहेत… 'नमस्कार. मी रंगखात्यातला.' … 'मी घरून भांडायला आलो होतो. दोन्ही फौजा एका रंगाच्या का केल्या, म्हणून. आत्ता माझ्या सुनेचा फोन आला. ती म्हणते, एक रंग पपईसारखा होता.'

…अगं आई. हसले. हसतायत सगळे. अख्खा हॉल हसतोय, विमलाताई. मी कशाला सांगितलं? कशाला सांगितलं मी?

…थांबा.

थांबा, थांबा. हे कोण… माइकमध्ये कोण हसतंय? शेवटी ठसका लागला, ऐकलंत?… तो ठसका आमच्या घरातला आहे. अण्णा हसतायत. विमलाताई, आमचे अण्णा हसतायत हो.

'तेव्हा बाई, तुमची चूक नाही. पण काठाचा लाल एवढा कच्चा का वापरला, ते सांगा. पहिल्याच धुण्यात तो उतरून तुमचा केशरी लालसर…'

हॅलो?… हॅलो? अहो धोंडिराम, ठेवू नका. तुमचं ऑफिस बंद करायचं असेल तर करा, पण फोन ठेवू न… हॅलो?

…ठेवला मेल्याने.