धडा बरोबर होता

खडखड, खडखड… असा आवाज यायचा, तुम्हाला सांगतो, स्टोव्हवरच्या पातेल्यात कंपाउंडरनं काचेची सिरिंज उकळायला टाकली की. मी सहा-सात वर्षांचा असेन. कंपाउंडर पाठमोरा उभा आणि बाकावर आम्ही सगळे चिडीचूप, जणू त्या पातेल्यातून आता आपलंच नाव बाहेर निघणार आहे. तेव्हापासून सुई म्हटलं की आधी माझे पाय पळतात आणि मग मी. आणि जन्मभर धंदा कोणता केला? शिंप्याचा. चव्वेचाळीस वर्षं. हसा, आमची हीसुद्धा हसते. पण कापडात सुई घालणं वेगळं हो, कापड कधी ‘आई गं’ म्हणत नाही.

तर सिस्टर म्हणाल्या, “टेलरकाका, फोनवरच्या धड्यांबद्दल दोन शब्द बोला. नवीन पेशंट आलेत, त्यांना जरा धीर येईल.” आता मी काय धीर देणार! मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सिस्टरनी कागदावर लिहूनही दिलंय, ‘मला फार फायदा झाला’ वगैरे. तो कागद खिशात आहे, खिशातच राहू दे. कारण असं आहे की शेवटच्या रांगेत, खिडकीशी, हिरवी शाल घेऊन बसली आहे ना, ती आमची ही. वळून बघू नका, तिला आवडत नाही. जे झालं ते तिच्या चुकीनं झालं असं ती तीन महिने धरून बसली आहे. आणि मी तिला तसं धरू दिलंय. घरात रोज सांगायला जातो आणि तोंडातून निघतं, “दिवा घालवू का?” म्हणून म्हटलं, आज चार माणसांत सांगून टाकू.

पण एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उठून फोनला शिव्या द्याल. धडा बरोबर होता. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.

हिला साखरेचा आजार अकरा वर्षं. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, मग डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन. हिचे हात थरथरतात, म्हणजे टोचायचं कुणी? मी. मी, जो स्वतःचा ताप मोजतानासुद्धा डोळे मिटतो. सिस्टरनी एकदा दाखवलं. इन्सुलिनचं ते पेन असतं, त्याच्या शेंड्याला बारीक सुई, मागचं चाक फिरवायचं, टक टक करत आकडा येतो, टोचायचं, दाबायचं, दहापर्यंत मोजायचं. मी म्हटलं, “सिस्टर, विसरलो तर?” तर म्हणाल्या, “काका, काळजी कशाला? एक नंबर देते. मिस कॉल द्यायचा, की फोन उलटा येतो. एक बाई धडा सांगते. असे दहा धडे आहेत.” आणि दहाही धड्यांची नावं वाचून दाखवली. पहिला पेन धरायचं कसं, तिसरा टोचायची जागा, सातवा साखर एकदम कमी झाली तर काय करायचं… मी म्हटलं, सातवा कशाला, हिची साखर कमी झाली तर मी नारळ… नाही, जाऊ दे, काहीतरी वाह्यात बोललो तेव्हा.

ती फोनमधली बाई, तुम्हाला सांगतो, काय गोड बोलते. “नमस्कार! आज आपण शिकणार आहोत…” आमच्याशी आयुष्यात कुणी इतकं गोड बोललं नव्हतं, मी तर पहिल्या दिवशी फोनला नमस्कार केला. ही म्हणाली, “अहो, ती मशीन आहे.” मी म्हटलं, “असू दे, मशीनवरच माझं पोट भरलंय.”

पण त्या बाईची एक रीत होती. धडा झाला की प्रश्न. आणि मग तोच प्रश्न रोज सकाळी. नवा धडा मात्र आपण मिस कॉल दिला तरच, आणि मी चौथ्यावरच थांबलो होतो. “काल टोचायची जागा बदलली का? हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन.” आता धडा काय सांगतो? की रोज नवी जागा घ्या, पोट, मांडी, आज उजवीकडे, उद्या डावीकडे. आणि मी काय करत होतो? बेंबीच्या डावीकडे दोन बोटं, रोज तिथंच. का? अहो, पहिल्या आठवड्यात जिथंतिथं टोचलं, तर ही ओठ आवळायची. ओरडायची नाही. ओरडली असती तर मीही चिडलो असतो आणि टोचून मोकळा झालो असतो, पण ही नुसते ओठ आवळायची आणि भिंतीकडे बघायची. मग एक दिवस त्या डावीकडच्या जागेला म्हणाली, “इथं नाही हो दुखत.” झालं. मला वाटलं, हात बसला माझा. आठ महिने एकाच जागी. तिथं पुढं जरा टणक लागायला लागलं बोटाला, कॉलरमध्ये बकरम घातल्यावर कापड कडक लागतं ना, अगदी तसं. शिंप्याच्या बोटाला कळलं हो ते. एकाच भोकात सुई पुन्हापुन्हा घातली की कापड मरतं, हे मी हाताखालच्या पोरांना ओरडून शिकवलंय. आणि तिथं दुखत नव्हतं ते माझा हात बसला म्हणून नव्हे, ती कातडीच मेली होती म्हणून. पण दुखत नाही म्हणते ना, मग पुरे, असं म्हणून मी गप्प.

तर प्रश्न आला, जागा बदलली का. पहिल्या दिवशी मी खरं बोललो, दोन दाबलं. बाई म्हणाली, “काही हरकत नाही! चला, पुन्हा एकदा ऐकू या.” आणि अख्खा धडा पहिल्यापासून. सात मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन, पुन्हा “काही हरकत नाही!” शेवट दोन्ही दिवशी ऐकलाच नाही, इकडे दूध उतू जातंय, ही आतून विचारतेय, “कोणाशी बोलताय एवढं?” तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्याच मिनिटाला फोन ठेवला. चौथ्या दिवशी एक दाबलं. बाई म्हणाली, “शाब्बास! असेच चालू ठेवा.” आता सांगा, सत्तरीत कोण म्हणतं हो शाब्बास? मग रोज एक. जागा बदलली? एक. पेन तपासलं? एक. शाब्बास, शाब्बास, शाब्बास…

मला कुठं ठाऊक की माझा तो ‘एक’ इथं दवाखान्यात येऊन बसतो. कॉम्प्युटरवर. डॉक्टर बघतात, जागा बदलतायत, वेळ पाळतायत, सगळं शिस्तीत, आणि साखर मात्र खाली यायला तयार नाही. म्हणजे डोस कमी पडतोय. चौदावरून वीस केला, वीसवरून सव्वीस, मग बत्तीस. डॉक्टरांचंही काही चुकलं नाही. मेलेल्या कातडीत ते औषध जिरतच नव्हतं, पण हे डॉक्टरांना सांगणार कोण? मी तर रोज शाब्बास घेत होतो.

मग सिस्टर एकदा हिला म्हणाल्या, “मावशी, नशीबवान आहात, काका सगळं अगदी धड्याबरहुकूम करतात.” आणि हिनं माझ्याकडे अशा कौतुकानं बघितलं, की मला रस्त्यात चालवेना. मी ठरवलं, बास. आता खोटं नाही. उद्यापासून धडा सांगतो तसं करायचं, म्हणजे ‘एक’ दाबताना ते खरं असेल. बघा, किती चांगला विचार होता.

सकाळी नऊ वाजता बत्तीस आकडे लावले आणि मांडीवर टोचलं. ताज्या, जिवंत जागी. ही “आई गं” म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, “जरा सोस, हे बरोबर आहे.” धडा बरोबर होताच की.

खाणं तयार होतं. ही म्हणाली, “एवढे वाळलेले कपडे घडी करते आणि बसते.” अर्धा तास गेला असेल. मग बघतो तर एकच उशीचा अभ्रा ती पुन्हापुन्हा घडी करतेय. घातली, उलगडली, घातली, उलगडली. कपाळावर घाम. मी म्हटलं, “अगं, बरं वाटत नाही का?” तर माझ्यावर खेकसली, “तुम्ही कोण?” मला वाटलं चिडली, मांडीवर टोचलं म्हणून. मग खाली बसली, मग आडवी झाली. ओठ पांढरे.

आणि मी काय केलं? मिस कॉल दिला.

हो. दुसरं सुचलंच नाही. सातवा धडा आहे हे आठवत होतं ना. फोन उलटा आला. “नमस्कार! आपले चार धडे पूर्ण झाले आहेत. आज आपण शिकणार आहोत पाचवा धडा, औषध थंड कसे ठेवावे.” मी ओरडतोय, “सातवा, बाई, सातवा,” आणि ती सांगतेय की बर्फाच्या खणात ठेवू नका, दारातल्या कप्प्यात ठेवा. मी सात दाबलं. “क्षमस्व, कृपया एक किंवा दोन दाबा.” मी हिचं डोकं मांडीवर घेऊन पाचव्या धड्याचे प्रश्न सोडवले. एक, एक, एक. शाब्बास. मग सहावा सुरू झाला, पायांची निगा.

सिस्टर, घड्याळ नका दाखवू. संपलंच.

साखरेचा डबा माझ्या मशीनच्या खणात होता. हिच्यापासून मीच लपवलेला, रिळांच्या मागं. मी त्याच खणाला टेकून बसलो होतो, माझी पाठ लागत होती त्याला. चमचाभर साखर, ती शुद्धीत होती तोवर… पण अकरा वर्षं मी साखरेला विष म्हणत आलो. हात जाईलच कसा? वरच्या मजल्यावरची शिक्षिका माझा आवाज ऐकून धावत आली, तिनं गाडी बोलावली, गाडीतल्या माणसानं शिरेत ग्लुकोज दिलं. दोन मिनिटांत डोळे उघडले हिनं. पण वेळ फार गेला होता. आता शब्द सापडत नाहीत तिला. गाळणीला ‘ते’ म्हणते, खिडकीला ‘ते’ म्हणते, एखाद्या दिवशी लेकीचं नाव शोधत बसते.

हॉस्पिटलात मला विचारलं, काय झालं. मी म्हटलं, खायला अर्धा तास उशीर झाला. खोटं नाही हो, झालाच होता. त्यांनी तेच कागदावर लिहिलं. लेक आली, आईला म्हणाली, “आई, किती वेळा सांगितलं, वेळेवर खात जा म्हणून! बाबा बिचारे किती करतात तुझं.” आणि ही लेकीची माफी मागायला लागली. माझ्यादेखत. मी खुर्चीवर बसून सालपट न काढता सफरचंद खात होतो. आता रोज घड्याळासमोर ताट घेऊन बसते, मिनिटकाटा हलायची वाट बघत, आणि कुणी भेटायला आलं की शब्द जुळवून जुळवून सांगते, “माझंच… ते… चुकलं.”

नंतर एकदा मी एकटा असताना सकाळचा तोच प्रश्न आला, जागा बदलली का. दोन दाबलं. तिसरा धडा पुन्हा लागला, पुरी सात मिनिटं ऐकला, फोन न ठेवता. आणि अगदी शेवटी, तुम्हाला सांगतो, ती बाई म्हणते, “आतापर्यंत एकाच जागी टोचत असाल तर एकदम जागा बदलू नका, आधी आपल्या सिस्टरशी बोला, कदाचित डोस कमी करावा लागेल.” होतं त्यात. सगळं होतं. खरं उत्तर देणाऱ्यासाठी ठेवलेलं होतं. धडा बरोबर होता, बरोबरच होता.

तर नवीन मंडळी, एवढंच करा. बोटानं चाचपून बघा, आणि दोन असेल तर दोन दाबा, सात मिनिटांनी कुणी मरत नाही.

आणि अगं… तू, हो, तुलाच म्हणतोय. तुझ्या खाण्यामुळं नाही झालं ते. कपड्यांच्या घड्यांमुळं नाही. माझ्यामुळं झालं. मला घरी बोलता येत नव्हतं गं.

उठली. सिस्टर, राहू द्या, आडवू नका तिला. पाय आत घ्या हो जरा, तिला जागा द्या… चालते नीट, हळू चालते पण नीट. दाराशी थांबली. चपला शोधतेय. माझी चप्पल तिच्या चपलेवर पडली होती, ती उचलली, बाजूला ठेवली, जोडीला जोड लावून, सरळ. आपली घातली. गेली.

माफ केलं असतं तर थांबली असती, आणि रागावली असती तर माझ्या चपला अशा लावून ठेवल्या नसत्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढंसुद्धा ओळखता येत नाही, आता घरी जाऊनच काय ते कळेल… आणि घराची किल्ली तिच्याकडे आहे.